पंच्याखालचा हात

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं मी इथले अनुभव नियमित वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. चिंचेचं झाड, पांढरी साडी, घाटात बंद पडलेली गाडी... वाचायचं, हसायचं आणि जेवायला बसायचं. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझ्यामुळे, आणि तो मिळवताना जे शिकलो त्याच्याशी बेइमानी करायची नाही असं मी ठरवलेलं आहे. म्हणून हे लिहायला मला चार महिने लागले.

आधीच सांगतो – यात भूत नाही, अंधार नाही, कुणी मेलेलं नाही. भर दुपार, डोक्यावर पांढरी ट्यूबलाईट, आणि काउंटरवर पुठ्ठ्याचे पाच खोके. एवढंच.

आम्ही काष्टीचे, तालुका श्रीगोंदा. मी लग्नाचे फोटो काढतो. एका लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो होतात आणि माझा जुना लॅपटॉप शंभराव्या फोटोला धापा टाकायचा. त्याच्या स्क्रीनवर हळदीचा पिवळा हिरवट दिसायचा, मी तो दुरुस्त करायला जायचो आणि छापलेल्या फोटोत माणसंच पिवळी व्हायची. एका नवरीच्या आईने मला फोन करून विचारलं होतं, "अहो, माझ्या पोरीला कावीळ झालीय का?" त्या दिवशी ठरवलं, आता सुटे भाग निवडून स्वतःच्या हाताने चांगला कॉम्प्युटर बांधायचा.

दीड महिना मी यादी करत होतो. प्रोसेसर कोणता, रॅम बत्तीस जीबी पुरेल का, रंग खरे दाखवणारा मॉनिटर कोणता. ग्राफिक्स कार्ड मात्र फोटोंना लागतं त्यापेक्षा बरंच मोठं लिहिलं होतं. त्याचं कारण गेमिंग. हे मी घरी सांगितलं नव्हतं. इथे सांगतो, कारण आमच्या घरचं कुणी इथे येत नाही.

आता तात्यांबद्दल. तात्या म्हणजे माझे वडील. शाळा चौथीपर्यंत. पण काष्टीच्या जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांच्या हाताला मान होता. ते व्यापारी नाहीत. कुणाला बैल घ्यायचा असला की तो तात्यांना सोबत न्यायचा. तात्या खांद्यावरचा पंचा बैलाच्या पाठीवर टाकायचे, त्याखालून हात फिरवायचे आणि सांगायचे, "घे" किंवा "नको". पंचा का, तर बाजारात भावही कापडाखालीच ठरतो – दोघांनी एकमेकांची बोटं दाबायची, बाकीच्यांना दिसू द्यायचं नाही. तात्यांना तीच सवय लागलेली. दात, शिंगं, अंगावरच्या केसांचे भोवरे सगळे बघतात, तात्या डोळे मिटायचे. त्याच हाताच्या जिवावर मी शिकलो. हे मी विसरत नाही.

तीन वर्षांपूर्वी तो हात चुकला. तात्यांचे जिवलग मित्र निवृत्तीकाका. त्यांच्यासाठी तात्यांनी एक बैल पास केला आणि पेरणीच्या पहिल्याच दिवशी तो शेतात, जू मानेवर असतानाच खाली बसला. उठेचना. काकांनी दोष दिला नाही. पण चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "तात्या, आता त्यो हात शेकोटीवर धरा, दुसऱ्या कामाचा न्हाई ऱ्हायला."

तेव्हापासून तात्या बाजारात गेले नाहीत. शनिवारी बाजार. शनिवारी ते घरात टीव्ही मोठ्याने लावून बसायचे, रस्त्यावरून जाणारी जनावरं ऐकू येऊ नयेत म्हणून. चालू असायचा कुठलाही चॅनेल. एकदा तर सकाळभर लहान मुलांची कार्टून.

म्हणून मी भाग आणायला शनिवारी नगरला निघालो तेव्हा आई म्हणाली, "ह्यांनाबी ने. भिंतीकडं बघून बघून भिंत झिजली माझी."

दुकान सलीमभाईंचं. माणूस लाखातला. मी कॉलेजात असताना त्यांनी मला दुकानात बसून कॉम्प्युटर उघडू दिले, जोडू दिले, कधी एका शब्दाने टोकलं नाही. त्यांनी तात्यांना स्टूल दिलं, चहा मागवला आणि माझी यादी वाचली. ग्राफिक्स कार्डापाशी थांबून हसले.

"संतोष, हे कार्ड फोटोला कशाला? गेम खेळणार ना?"

तात्यांनी कपातून मान वर केली. "कसला गेम?"

"आहो, कामाचंच असतं ते," मी म्हणालो.

"गोळ्या घालायचं काम," सलीमभाई म्हणाले.

"घाल, घाल," तात्या म्हणाले. "लगीन लावून झाल्यावर घाल."

एकेक भाग काउंटरवर आला. शेवटी पॉवर सप्लाय – आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. कंपनीच्या सीलमध्ये, खोक्यात. तात्यांनी विचारलं, "ह्यो काय करतो?"

"सगळा भार हाच ओढतो, तात्या."

"म्हंजी बैल ह्योच की!"

त्यांनी सहज, अगदी सवयीने, खांद्यावरचा पंचा त्या खोक्यावर टाकला आणि खाली हात घातला. डोळे मिटले. मला कसंतरीच झालं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं उभी होती.

"ह्यो नको," तात्या म्हणाले.

सलीमभाईंनी आदराने सील तोडलं, टेस्टर लावला. पंखा गरगर फिरला, दिवे लागले. "बघा तात्या, उभा राहिला की!"

"उभा ऱ्हाईल. जू ठिवलं की बसकण मारंल."

गिऱ्हाईकं हसली. तात्यांचा चेहरा पडला. पंचा झटकून खांद्यावर घेत ते म्हणाले, "जाऊ द्या. माझा हात गेलाय. मी आपलं उगंच बोललो."

आणि मंडळी, मी तोच घेतला. सील तुटलं होतं, टेस्टर चांगला म्हणत होता, आणि मी पदवीधर होतो.

रविवारी दुपारपर्यंत कॉम्प्युटर उभा केला. मॉनिटर लागला आणि हळद खरोखर हळदीसारखी दिसली. आईने स्क्रीनला बोट लावून बघितलं. मग मी दार लोटून गेम लावला. चार मिनिटं स्वर्ग. आणि स्क्रीनवर धुमश्चक्री सुरू झाली तसा कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद.

परत चालू केला. साधं काम – चालतो. दिवसभर चालतो. तीनशे फोटो एकदम तयार करायला लावले, भार आला – बंद. रॅम बदलून पाहिली, वायरी बदलल्या, शेजाऱ्यांच्या घरी नेऊन लावला. तिथेही तेच. हलकं काम असलं की शहाण्यासारखा, ओझं टाकलं की खाली.

तात्या दारात येऊन उभे होते. "बसला?"

"बसला."

त्यांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं. मग म्हणाले, "योगायोग आसंल." मीही म्हणालो, योगायोगच. आम्ही दोघंही शास्त्रीय दृष्टिकोनाचे.

पुढच्या शनिवारी आम्ही तो पॉवर सप्लाय मूळ खोक्यात घालून परत नगरला नेला. एसटीत आदळू नये म्हणून तात्यांनी खोका पंच्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. सलीमभाईंनी सप्लाय आतल्या टेबलावर नेला, पंचा सोडला आणि स्वतःच्या मोठ्या मशीनला लावून भार टाकला. बंद. दुसरा लावला – अर्धा तास चालला. मग ते तात्यांकडे वळले.

"तात्या, कंपनीचं सील होतं त्याला. मी पण उघडून पाहिलं नव्हतं."

"योगायोग हाय."

"असेल. पण एकदा बघू द्या. नाहीतर माझं धंद्यात लक्ष लागणार नाही."

त्यांनी तो दुसरा धरून त्याच कंपनीचे चार नवे सप्लाय काढले, त्यांची सीलं तोडली, पाचवा आपला बिघडलेला. पाचही खोक्यांना सारखीच टेप. बिघडलेल्याच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने छोटी फुली. आम्हा दोघांना बाहेर पाठवलं, खोके उलटसुलट केले, ओळीने मांडले आणि हाक मारली.

तात्यांनी खोक्यांवर हात ठेवला. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"ह्यो... का ह्यो..." त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं. सलीमभाईंनी उचलून पाहिला. फुली नव्हती.

पुन्हा मांडले. पुन्हा चुकलं.

"सांगितलं हुतं ना," तात्या म्हणाले आणि स्टुलावर बसले. बसल्यावर ते एकदम लहान दिसायला लागले. मला स्वतःचाच राग आला. बरा माणूस घरी कार्टून बघत होता, त्याला इथे आणून दोनदा हरवला. आता शनिवारी टीव्हीचा आवाज आणखी वाढणार.

निघायचं म्हणून मी आतल्या टेबलावरून पंचा आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खांद्यावर टाकला, उठले, दारापर्यंत गेले... आणि थांबले.

"थांब जरा."

मागे आले. पंचा पहिल्या खोक्यावर टाकला, खाली हात घातला. डोळे मिटले. दुसरा. तिसरा. चौथ्यावर हात थबकला.

"ह्यो."

सलीमभाईंनी खोका उचलून उलटा केला. फुली.

पुन्हा मांडले. आता पहिलाच – फुली. पुन्हा. पाचवा – फुली. सलीमभाईंनी खुर्ची ओढली आणि न बघताच बसले, पडता पडता वाचले. मग उठून पुन्हा आम्हाला बाहेर काढलं. या वेळी आत गेलो तर तात्यांनी पाचही खोक्यांवरून हात फिरवला, परत फिरवला, आणि पंचा बाजूला करून सरळ त्यांच्याकडे बघितलं.

"सलीमभाई, त्यो ह्यात न्हाई. कुठं दडवला?"

बिघडलेला खोका त्यांच्या खुर्चीखाली होता. काउंटरवर पाचवा एक वेगळाच चांगला ठेवलेला.

सलीमभाईंनी दोन्ही कान पकडले. "तात्या, उद्यापासून दुकानात बसा. वर एसी आहे."

"तुमच्या बैलांना शेण न्हाई, गोठ्याला वास न्हाई," तात्या म्हणाले. "माझं मन रमायचं न्हाई." पण हसत होते. तीन वर्षांनी मी त्यांना तोंड भरून हसताना पाहत होतो. मग एका खोक्यावर थाप मारून म्हणाले, "संतोष, ह्यो ने. गरीब हाय, पण वढंल."

परतीच्या एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत होते. श्रीगोंदा मागे पडल्यावर अचानक म्हणाले, "निवृत्तीच्या बैलाच्या दिवशी पंचा नव्हता."

"म्हणजे?"

"एका वासराला बाजारात खिळा लागल्ता. रगत थांबंना. त्येच्या पायाला बांधला हुता पंचा. निवृत्तीला घाई, मी तसाच हात फिरिवला." मग म्हणाले, "म्हंजी हात गेला न्हाई रं."

"नाही गेला, तात्या."

दुकानातून निघण्याआधी मी माझ्या परीने सगळं तपासलं होतं. सलीमभाईंकडे कुरिअरचा वजनकाटा होता, त्यावर पाचही खोके ठेवले – वजन सारखं. टेप सारखी. भार टाकून तापलेले दोन्ही सप्लाय आधी पंख्याखाली गार करून घेतलेले, म्हणजे उष्णता नाही. पंच्यातच काही असेल म्हणून मी स्वतः पंचा टाकून हात फिरवला – मला पुठ्ठा लागला, दुसरं काही नाही. तात्यांना दुकानातलं धूळ पुसायचं फडकं दिलं – त्याखालूनही त्यांनी बरोबर ओळखलं. माझ्या फिजिक्सच्या सरांना फोन केला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मधे कापड आलं तर कमी कळायला पाहिजे, संतोष. जास्त कसं कळेल?" तोच तर माझा प्रश्न होता, सर.

तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "उघड्या हाताला खोका लागतो. झाकल्यावर आतलं लागतं." यापलीकडे त्यांनाही सांगता येत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी टीव्ही बंद होता. तात्या अंगणात, धुतलेला पंचा खांद्यावर. निवृत्तीकाका मोटारसायकल चालू ठेवून बाहेर उभे. त्यांना बैल घ्यायचा होता. "चल, फोटो काढ," तात्या मला म्हणाले. "टपरीवाल्यांचं तोंड बी काढ त्यात."

काढले. एकशे ऐंशी फोटो. त्यातला एक फार चांगला आलाय. खिल्लारी बैल, त्याच्या पाठीवर पंचा, डोळे मिटलेले तात्या, मागे श्वास रोखून निवृत्तीकाका आणि त्यांच्याही मागे टपरीवरची ती मंडळी, हातात कप तसेच धरून. तो बैल काकांच्या दावणीला आहे आणि आजवर एकदाही बसलेला नाही. कॉम्प्युटरही नाही.

तो फोटो मी नव्या मॉनिटरवर अनेकदा उघडला आहे. मोठा केला, सावल्या उजळल्या, जेवढं सॉफ्टवेअरमध्ये करता येतं तेवढं केलं. बैलाच्या पापणीचा केस न् केस दिसतो. काकांच्या कपाळावरचा घाम दिसतो. फक्त जिथे काय घडतंय ते बघायचंय, तिथे पंचा आहे. शेवटपर्यंत झूम केलं की दिसतात ते सुताचे धागे, आणि त्यांच्याखाली हाताचा एक उंचवटा.