अडीच औंस दूध

नात तीन महिन्यांची झाली आणि लेकीची रजा संपली. अमेरिकेत तिचं ऑफिस सुरू झालं, बाळ पाळणाघरात जाऊ लागलं. दिवसाअखेर तिथून मिळणाऱ्या कागदाचा फोटो जावई पाठवायचे. इथे रामाकोन्यात तेव्हा सकाळ असायची. कागदावर दुधाची मापं: अडीच, तीन, अडीच, तीन. पुढे औंस.

वीस वर्षं मी अंगणवाडीत लेकरांची वजनं घेते, पण औंस मला नवा. शेजारच्या मास्तरांना विचारलं. "तीस मिली धरा," ते म्हणाले.

खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं झाकण घेतलं आणि पेल्यात पाणी मोजलं. अडीच औंसाला साडेसात झाकणं. पेला अर्धाही भरेना. ओतून टाकलं, पुन्हा मोजलं. तेवढंच.

"काय मोजून राहिली वं सकाळपासून?" ह्यांनी विचारलं.

"दिवसाचे अकरा औंस. तीनशे तीस मिली! साडेपाच किलोच्या लेकराले एवढ्यानं काय होते?"

अंगणवाडीची वेळ झाली होती. चप्पल घातली, काढली. तीनदा फोन लावला, कोणी उचलेना. चौथ्यांदा लेक दिसली. बाळ अंगावर पीत होतं.

"तिले दूध कमी पडून राहिलं," मी म्हटलं. "मी मोजलं."

"आई, तो कागद नुसता पाळणाघराचा हाय. बाकी सगळ्या वेळी मीच तर पाजून राहिली." बाळाला खांद्यावर घेत ती म्हणाली, "तिचे औंस सारेच विचारतात. मले कोणी विचारलं?"

"तू काय खाल्लं आज?"

"एक केळं." आणि ती रडायला लागली.

दूध पाजणाऱ्या प्रत्येक बाईला मी आधी हेच विचारते. लेकीला तीन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

जावयांना फोनवर बोलावलं, खिचडी टाकायला सांगितली.

"पाणी किती कप, आई?"

त्यांच्या कपात किती मावतं, मला काय ठाऊक! "डाळ-तांदळाच्या वर बोटाची दोन पेरं ठेवा, जावईबापू."

खिचडी होईपर्यंत मी फोन ठेवला नाही. लेक माझ्यासमोर जेवली. दुसऱ्या घासाला म्हणाली, "मीठ कमी हाय."

अंगणवाडीत पोचले तर सौंसरहून सुपरवायझर मॅडम येऊन बसलेल्या. उशिरावरून बोलल्या. मी मान हलवत राहिले. उद्या लेक काय खाईल, एवढंच डोक्यात फिरत होतं.