एकशे तीसच्या खाली

तीस सेकंद जीव तोडून धावायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. आइस हॉकीच्या सरावात मला धावण्यापेक्षा ही दोन मिनिटं जास्त लक्षात राहिली आहेत.

आमच्यापैकी कुणीच बर्फाचं मैदान पाहिलेलं नव्हतं. पेणमध्ये एका राइस मिलमागे भात वाळत घालायचं काँक्रीटचं खळं आहे. सकाळी भात पसरायच्या आधी आम्ही तिथे चाकांच्या स्केट्सवर धावायचो. हिवाळ्यात लडाखच्या शिबिराला आमच्यातल्या दोघी जाणार होत्या.

थांबायचं म्हणजे बसायचं नाही. स्टिक गुडघ्यांवर आडवी धरून उभं राहायचं. दोन मिनिटं संपत आली की जोडीदाराने नाडी मोजायची, पंधरा सेकंदांचे ठोके गुणिले चार, आणि आकडा मोठ्याने सांगायचा. सर तो वहीत लिहायचे. एकशे तीसच्या खाली आला तरच पुढची धाव.

"दम लागतो सगळ्यांनाच," सर म्हणायचे. "परत कुणाचा येतो, ते मला बघायचंय."

माझी जोडीदार रोह्याहून गाडीने यायची. मी फारशी बोलत नाही, म्हणून माझ्याबरोबर कुणी उभं राहत नसे. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिचे अब्बा कुवेतला. स्केट्स त्यांनीच पाठवले होते. पोरगी बर्फावर खेळणार, हे त्यांनी तिथल्या खोलीतल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

दिवाळीनंतर तिची नाडी खाली येईनाशी झाली. मी मनात इंग्रजीत मोजते. थर्टी-एट. म्हणजे एकशे बावन्न, तेही दोन मिनिटं थांबल्यावर. मध्येच एक ठोका यायचाच नाही, आणि मग दोन घाईघाईने यायचे.

"एकशे अठ्ठावीस सांग ना गो," ती ओठ न हलवता म्हणाली.

"एकशे बावन्न आहेत."

"कॉन्व्हेंटची हायेस ना? मग इंग्लिशमध्ये सांग. इंग्लिशमध्ये खोटं बोललं तर पाप नाय लागत."

मला हसू आलं. सरांनी वही उघडली. "वन ट्वेंटी-एट," मी म्हणाले. किती सहज निघालं ते तोंडातून.

त्यानंतर प्रत्येक रविवारी तेच. कधी एकशे चोवीस, कधी एकशे अठ्ठावीस. संशय येऊ नये म्हणून मी आकडे बदलत राहायचे. तिची नखं जांभळट दिसायला लागली होती. एकदा ती मिलच्या भिंतीला टेकली आणि बराच वेळ डोळे मिटून राहिली.

"डॉक्टरला दाखव," मी म्हणाले.

"माझ्या फुफूला, अब्बांच्या बहिणीला, पन असंच व्हायचं. काय नाय झालं तिला." मग पाण्याची बाटली उघडत म्हणाली, "म्हणजे गेली ती. पन झोपेत गेली. तिला टेन्शन होतं खूप."

ती पाणी प्यायली आणि रेषेवर जाऊन उभी राहिली. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

निवडीच्या दिवशी दहा धावा होत्या. सहावीनंतर मी तिचं मनगट धरलं आणि मला मोजताच येईना. बोटाखाली नुसती थरथर होती, कुठला ठोका कुठे संपतो ते कळत नव्हतं. हात गार पडला होता.

"आकडा?" सर म्हणाले.

ती माझ्याकडे बघत होती.

"सर, मला मोजता येत नाहीये."

सरांनी स्वतः नाडी पाहिली. तिला खाली बसवलं आणि तिचे स्केट्स स्वतःच्या हाताने सोडले.

"तुलाच जायचं होतं ना?" ती मला म्हणाली. मलाही जायचं होतं. सरांनी वहीची मागची पानं उलटली आणि माझ्याकडे पाहिलं. "हे सगळे?" मी मान खाली घातली.

तिचे चाचा आले आणि तिला तिथूनच पनवेलला इस्पितळात घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज हळू होता, मागे कसलं तरी यंत्र टिकटिकत होतं.

"डॉक्टर विचारतायत, कधीपासून हाय, ठोके किती वाढायचे, किती वेळा चुकायचे. फुफूचं सांगितल्यापासून सारखं तेच विचारतायत. सरांच्या वहीतलं काय उपयोगाचं नाय. तुलाच म्हायती. खरे आकडे सांग."

मी कागद घेतला. दिवाळीनंतरचा पहिला रविवार लिहिला आणि पुढे एकशे बावन्न. दुसरा रविवार लिहिला. मी तिचं मनगट धरलेलं आठवत होतं, मिलचा आवाज आठवत होता, सरांना मोठ्याने सांगितलेला आकडा अगदी स्पष्ट आठवत होता. बोटांनी मोजलेला आठवत नव्हता.

"हायेस ना?" ती म्हणाली. "डॉक्टर थांबलेत."