एकेचाळिसावा स्लीपर

चिंचवडला मी आणि माझा खोलीतला सोबती एका कॉटवर तीन वर्षं राहिलो. तो दिवसपाळीत फिटर, मी रातपाळीत टर्नर. तो उठला की मी आडवा, मी उठलो की तो आडवा. कॉट बिचारी तीन वर्षांत एकदाही थंड पडली नाही. बोलणं सगळं चिठ्ठ्यांवर. भिंतीतल्या खिळ्याला चिठ्ठी टोचायची: ‘रॉकेल संपलंय’, ‘माझा टॉवेल वापरू नकोस’, वगैरे. त्याचं तोंड कसं होतं हे मी मधूनमधून विसरत असे, अक्षर मात्र झोपेतसुद्धा ओळखलं असतं.

त्याच्या आईनं लातूरकडून डिंकाचे लाडू पाठवले. एकेक लाडू तोफेच्या गोळ्याएवढा. मी फक्त एकाची चव बघितली. मग पहिल्याची चव नीट लक्षात राहिली नाही म्हणून दुसऱ्याची. असं करत करत चव पक्की लक्षात राहीपर्यंत डबा संपला.

गुरुवारी सकाळी पाळी संपवून आलो तर खिळ्याला चिठ्ठी: ‘मंगळवारी पानवाल्याकडे तुझं पत्र आलं होतं. पाकिटाला हळद लावलेली आहे. फोडलेलं नाही. लाडू शोधलेस तसं हेही शोध. मी गावाला चाललो. जिथे गाडी थांबत नाही पण म्हैस थांबते, तिथे बघ.’

हळदीचं पत्र म्हणजे पुनावळ्याचं! आत्यानं तिथली मुलगी सुचवली होती, माझा फोटोही गेला होता. याआधी दोन ठिकाणी ‘रातपाळीचा जावई नको, दिवसा घोरत पडेल’ म्हणून नकार आला होता. आता या पत्राला उत्तर वेळेत गेलं नाही, तर त्या कॉटशीच माझं लग्न लागणार होतं.

गाडी थांबत नाही पण म्हैस थांबते अशी जागा पंचक्रोशीत एकच. आमच्या चाळीमागून एका बंद गोदामाकडे रेल्वेचा जुना फाटा जात असे. रूळ केव्हाच उचलून नेले होते, त्यांच्याखालचे लाकडी स्लीपर तेवढे मातीत राहिले होते. सिग्नलच्या गंजक्या खांबाला गावच्या म्हशी अंग घासत. त्या दिवशीही एक म्हैस घासत होतीच. तिला ढकलायला मला अर्धा तास लागला. तिला विचाराल तर ती दोन मिनिटं सांगेल. खांबाखाली दगड, दगडाखाली चिठ्ठी: ‘गोदामाकडे तोंड कर. चाळीस स्लीपर मोज. एकेचाळिसाव्याखाली तुझं नशीब.’

मोजले. एकेचाळिसाव्याखाली नशीब नव्हतं, विंचू होता. पुन्हा मोजले. तोच विंचू, आता जरा ओळखीचा वाटणारा.

तोंडभर माती फासून तिसऱ्यांदा गुडघ्यांवर बसून मोजत होतो, तेवढ्यात पुनावळ्याच्या बाजूनं धोतर, टोपी आणि हातात पिशवी असे एक म्हातारबाबा आले.

“काय हरवलं, राव?”

खरं सांगायची मला मुळातच सवय कमी. म्हटलं, “हरवलं नाही, बाबा. तपास चाललाय. इथले स्लीपर चोरीला जातात. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी मला खास नेमलंय. माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत.”

“आन् चाळीसातला एक बी आला न्हाई व्हय?”

“गुरुवार ना! सगळ्यांना सुट्टी.”

गुरुवार म्हणालो आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. गुरुवार म्हणजे आमच्या सगळ्या पट्ट्याची सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे चाळभर कढत पाण्यानं अंघोळ. त्यासाठी बुधवारी दुपारीच लोक बंबाला जळण गोळा करत. जळण म्हणजे हेच स्लीपर! सोबत्यानं मंगळवारी मोजले होते, आणि काल दोन स्लीपर खांद्यावर टाकून मीच नेले होते. कोणते, ते मात्र आठवेना.

मी कपाळावर हात मारला. “यातले काही काल गेलेत, बाबा. कालपर्यंतचा हिशोब लागायला हवा.”

“मग खड्डं बी मोजा की!” म्हातारबाबा खाली बसले, मातीत बोट घातलं. “ह्यो जुना, वाळलाय. ह्यो कालचा, आतली माती वली हाय. ह्यो बी कालचा. चोर लई आडदांड दिसतोय, निम्मी वाट उकरून ठिवलीया.”

मी त्या आडदांड चोराचा निषेध केला. ओले खड्डे धरून मोजलं तर विंचवाच्या दोन स्लीपर अलीकडे थांबलो. खाली हात घातला. लाडवांचाच तो डबा! आत हळद लावलेलं पाकीट आणि एक चिठ्ठी.

माझे हात चिखलानं भरलेले. म्हातारबाबांनीच चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचली: “‘लाडूचोरा, एवढ्यासाठी अख्खा लोहमार्ग उकरलास का?’” मग त्यांनी पाकीट उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. माझ्याकडे बघितलं.

“ह्ये तर मीच धाडलं हुतं. आज धाच्या सुमाराला पोराला बघाया येतो म्हणून.”

पाठीमागे म्हैस हंबरली.

“चाळीस माणसं?” त्यांनी विचारलं.

“एक लेथ मशीन.”

“आन् स्लीपरचोर?”

“कालचे दोन मीच नेले. बंबाला.”

“लाडू?”

“अकरा.”

त्यांनी पत्र घडी घालून पिशवीत टाकलं. माझा जीव त्याबरोबर पिशवीत गेला.

“चला घरला,” ते म्हणाले. “पाय मातीनं भरल्यात. बंब पेटलाय न्हवं?”

चाळीच्या मोरीत त्यांनी सावकाश पाय धुतले, धूर हुंगला. “सागवान हाय. पाणी झ्याक तापलंय.” मग पायरीवर बसून माझी सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाले, “रातपाळीचं आमास्नी कायबी न्हाई. पर लेकीला म्या समदं सांगणार. खांबापासनं.”

त्यांनी खरंच सांगितलं, आणि त्यात विंचू माझ्यापेक्षा मोठा करून सांगितला. मुलगी हसून हो म्हणाली. आता दर थंडीत ती डिंकाचे लाडू करते आणि डबा लपवते. मी सगळं घर उकरतो. चिठ्ठी मात्र ती कधीच ठेवत नाही.