अकरा फुटांवरून

बायको नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली आणि तिने स्वतःच्या पसंतीने पंचावन्न इंची फोर-के टीव्ही घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला न विचारता एवढी मोठी वस्तू घरात आणली होती. मी तीस वर्षं पोरांना भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. न विचारल्याचा राग मी शास्त्राच्या नावावर काढला. दुकानदार आठ दिवसांत टीव्ही परत घ्यायला तयार होता. तेवढ्यात तो परत धाडायचाच, असा मी चंग बांधला.

माझा मुद्दा सोपा होता. अकोल्यात मे महिन्यात टीव्ही कुठून पाहायचा हे कूलर ठरवतो. आमचा कूलर मागच्या खिडकीत, त्याच्यापुढे दिवाण, आणि दिवाणापासून टीव्ही बरोबर अकरा फूट. मी टेप लावून मोजलं. एवढ्या लांबून फोर-केचे ते जास्तीचे ठिपके माणसाच्या डोळ्याला वेगळे दिसतच नाहीत. हे मी तिला जेवताना समजावलं, चहा पिताना समजावलं, आणि एकदा ती देवपूजा करत असतानाही.

"दिसो का न दिसो, मले आवडला," ती म्हणायची. असल्या उत्तराला माझ्याकडे सूत्र नव्हतं.

सातव्या दिवशी अमरावतीहून मुलगी आली. तिलाच मी पंच केलं. तिने मोर्शीच्या एका संत्राबागेचा व्हिडिओ लावला, आम्हाला डोळे मिटायला सांगितलं आणि चित्र कधी फोर-के, कधी साधं एचडी ठेवून, डोळे उघडल्यावर कोणतं ते ओळखायला लावलं. बायकोचे निम्मे अंदाज चुकले. माझेही चुकले, पण माझं चुकणं हाच माझा विजय होता.

"खोकं काढ," मी म्हणालो. बायको खोकं आणायला उठली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

"थांब आई," म्हणत मुलीने आणखी एकदा काहीतरी बदललं. "बाबा, आता सांगा."

"काहीच फरक नाही," मी ठणकावलं. "झालं ना सिद्ध?"

मुलीने रिमोट खाली ठेवला.

"बाबा, आता मी एकदम हलकं चित्र लावलं. सारी बाग नुसता हिरवा चिखल दिसून राहिली. तुमाले काहून नाही दिसत?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. कधीपासून कमी दिसतं, असं त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. उत्तर बायकोने दिलं.

"वर्ष झालं असन, डॉक्टर साहेब. हे रस्त्यानं येतात, मी फाटकातून हात हालवतो, तं हे पाहतच नाहीत. मले वाटे, आता यायले माह्याकडे पाहावंसंच वाटत नाही."

वर्षभर तिने हे मला एकदाही विचारलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टीव्ही राहू दे," मी म्हणालो. खरं तर माफी मागायची होती, पण अख्खा जन्म दुसऱ्यांना समजावण्यात गेलेल्या माणसाला तेवढंच जमलं.