खोड सांगून विकलेला मोबाईल

तर सोमनाथचा हात रुमालाखाली अडकलेला आणि ज्ञानोबा वरून त्याची बोटं दाबतोय, इथवर काल आपण आलो होतो. मग चहा आला आणि मी भलत्याच गोष्टीत शिरलो. आज चहा आधीच पिऊन बसलोय.

सोमनाथ म्हणजे पिवळ्या कंपनीचा पोरगा. मोबाईलच्या कंपन्यांची खरी नावं आमच्या जिभेला वळत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना सदऱ्याच्या रंगावरून ओळखतो. पिवळा सदरा घालून फिरतात ती पिवळी कंपनी, जांभळा घालतात ती जांभळी. दोघांचं एकमेकांशी सख्ख्या भाऊबंदांसारखं आहे. एकानं भोरच्या एसटी स्टँडसमोर छत्री उभी केली की दुसरा संध्याकाळच्या आत तिच्याहून हातभर मोठी छत्री आणतो. एकानं फुगे लावले की दुसरा ढोल आणतो.

तर सोमनाथ त्या दिवशी पहिल्यांदाच स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात आलेला. "आजोबा, आमचे दहा फोन ठेवून घ्या," म्हणाला. ज्ञानोबानं त्याचा हात धरला, खांद्यावरचा रुमाल वर टाकला आणि आतल्या आत बोटं दाबली. पोरगं लाजून लाल.

"आजोबा, गुदगुल्या होतायत!"

"गप. भाव सांग."

"कसा सांगू?"

"बोटानं! तोंडानं सांगितला तर शेजारचा ऐकंल की."

शेजारी कोण? फक्त मी आणि काउंटरमागे सुलक्षणा. ती ज्ञानोबाची सून, दुकान तिचंच. हसू दाबत म्हणाली, "मामा, सोडा त्याला. ह्यांचा भाव कागदावर छापलेला असतो."

"छापलेला?" ज्ञानोबाला खरंच वाईट वाटलं. "मंग त्या भावाला काय चव, बाई?"

आता हा ज्ञानोबा कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. आम्ही दोघं कामथडीचे. एकाच बाकावर बसून सातवी झालो. मी सातवी पास झालो, तो सातवीत बसून दमला आणि उठून बैलबाजारात गेला. चाळीस वर्षं त्यानं बैलांची दलाली केली. जत्रा कुठलीही असो, ज्ञानोबा रुमाल खांद्यावर टाकून हजर. हा रुमाल म्हणजे त्याचं दुकान. घेणाऱ्याचा हात आणि विकणाऱ्याचा हात रुमालाखाली घ्यायचा आणि बोटं दाबून भाव करायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा कुणाला कळत नाही.

पण त्याचं नाव झालं ते बोटांमुळे नव्हे, तोंडामुळे. तो प्रत्येक बैलाची खोड आधी सांगायचा. "देखणा हाय, पर ओढा बघितला की बुजतो." "ताकदीचा हाय, पर दुपारी नांगराच्या तासात बसकण मारतो. मारू नका, गूळ दावा, उठतो." खोड ऐकून गिऱ्हाईक पळून जाईल असं तुम्हाला वाटेल. उलट! खोड कळली की माणूस मनात हिशेब मांडतो. माझ्या शेतात ओढाच नाही, मग बुजेना का! आणि बैल घेऊन जातो. ज्ञानोबाचा बैल कधी माघारी आला नाही.

मग ट्रॅक्टर आले. बैलबाजार आटत आटत टेकडीएवढा होता तो उकिरड्याएवढा झाला. ज्ञानोबा घरी बसला आणि महिन्याभरात सगळ्या घराची खोड काढून मोकळा झाला. सुलक्षणानं तेव्हा नुकतंच मोबाईलचं दुकान टाकलेलं. बारावी झालेली, पुण्याला जाऊन मोबाईल दुरुस्ती शिकून आलेली. नवरा टेम्पोवर, दिवसभर बाहेर. ती म्हणाली, "मामा, दुकानात येऊन बसा, मला सोबत." खरं म्हणजे सासूला जरा विश्रांती.

ज्ञानोबा स्टुलावर बसला आणि पहिल्याच दिवशी त्यानं मोबाईल हातात घेऊन तळव्यावर तोलला, पालथा केला, कडेनं बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्याची खोड काय?"

सुलक्षणा म्हणाली, "मामा, नवा हाय. खोड नसती."

"नवा तर खोंडबी असतो."

मग त्याचा नेम सुरू झाला. मोबाईल घेऊन गेलेलं माणूस पुन्हा कधी स्टँडवर दिसलं की ह्यानं हाक मारलीच म्हणून समजा. "काय रं, कसा चालतो?" लोक सांगायचे, हा लक्षात ठेवायचा. दोन वर्षांत त्याला दोन्ही कंपन्यांच्या सगळ्या फोनांच्या खोडी पाठ. बोर्डाच्या परीक्षेला हाच विषय असता तर पठ्ठ्या पहिला आला असता.

गिऱ्हाईक आलं की हा सांगणार, "जांभळा घेतोस? घे. फोटू झ्याक. पर माणूस असंल त्याच्याहून गोरा दिसतो. पोराच्या लग्नासाठी फोटू काढनार असशील तर पोरीकडचे येऊन फसत्याल." नाहीतर, "पिवळा घे. आवाज असा की गुंजवणीच्या ह्या काठाला लावला तर त्या काठाला ऐकू जाईल. पर त्याला अंगठा दावून उघडायचं असतं. भातलावणीनंतर चार दिवस त्यो मालकाला वळखत न्हाई." हे खरं होतं बरं का! लावणीत चिखलपाण्यानं बोटं झिजतात, भेगा पडतात. फोन म्हणतो, तू कोण? मार्गासनीच्या पारूबाईंनी तर त्याला शिव्या घातल्या होत्या. "दोन हंगाम सांभाळला आन् मलाच इच्यारतो कोन म्हनून!"

पण एवढं ऐकूनही लोक फोन घ्यायचे, आणि तो माघारी यायचा नाही. दुकान बरं चाललं होतं.

आणि गेल्या पावसाळ्यात समोरच एक मोठं शोरूम उघडलं. पुढून सगळी काच, आत गारवा, दारात वाकून नमस्कार करणारा माणूस. सुलक्षणाच्या दुकानाची पाटी हातानं रंगवलेली, तिच्यावरचा 'मो' पावसानं वाहून गेलेला, 'बाईल' तेवढी राहिलेली. लोक काचेकडे ओढले जायला लागले. सुलक्षणा मला एकदा हळूच म्हणाली, "गेनूकाका, दिवाळीपर्यंत बघते. न्हाईतर दुकान मिटवून शिरवळला कंपनीत लागते." तिनं हे ज्ञानोबाला सांगितलं नव्हतं. मीही नाही सांगितलं. दुकानात ती समोरच, आणि एरवी त्याला काही निरोप द्यायचा तर सुलक्षणालाच फोन करावा लागतो, आणि हा निरोप तिच्यातर्फे कसा देणार?

अशात जांभळ्या कंपनीचे साहेब आले. सोबत त्यांची मुलगी, म्हणजे कंपनीची, स्नेहल नावाची. जांभळा सदरा, बोलायला चटपटीत. साहेब म्हणाले, "दुकानाचं रूप पालटून देतो. मोठी पाटी, काच, दिवे, सगळं कंपनीचं. अटी दोनच. एक, फक्त आमचे फोन ठेवायचे. दोन…" आणि त्यांनी स्टुलाकडे बघितलं. "दोन, आजोबांनी खोडी सांगायच्या नाहीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी येऊन नक्की करतो. तोवर आठ दिवस बघू कसं जमतं ते."

ज्ञानोबानं सुनेच्या तोंडाकडे एकदा बघितलं. चाळीस वर्षं माणसांची तोंडं वाचलेला माणूस, त्याला न सांगता सगळं कळलं. तो म्हणाला, "न्हाई सांगत, सायेब. गप बसतो."

गडी आठ दिवस गप बसणार! मी पैज लावायला निघालो होतो, पण समोर कोणी पैज घेईना.

दुसऱ्या दिवशी मार्गासनीचा गोरख आला. वर माळावर त्याची मेंढरं. साधा सरळ माणूस, पण घ्यायची वस्तू दहादा वाजवून घेणारा. त्यानं जांभळा फोन हातात घेतला आणि सवयीनं ज्ञानोबाला विचारलं, "नाना, ह्याची खोड?"

ज्ञानोबानं वर पत्र्याकडे बघितलं. स्नेहल गोड हसून म्हणाली, "दादा, ह्यात काहीच खोड नाही. एकदम मस्त फोन आहे."

गोरखनं फोन काउंटरवर ठेवला, जळता निखारा ठेवावा तसा. "नाना, खरं?"

ज्ञानोबाची नजर पत्र्यावरच.

"आसं व्हय," गोरख उठला. "ज्या बैलाला खोड न्हाई म्हनत्यात, त्यो चोरीचा तरी असतो न्हाईतर आजारी तरी. तुमीच शिकवलंय." आणि गेला.

एक गोरख गेला असता तर चाललं असतं. पण वेल्ह्याच्या एसटीत बातमी आमच्या मोबाईलच्या आधी पोचते. 'ज्ञानोबा खोड सांगत न्हाई. काईतरी घोटाळा हाय.' चार दिवसांत एक फोन खपला नाही. एक बाई तर घरी ठेवलेला जुना फोन घेऊन आली, "नाना, ह्योबी बिगडलाय का आता?" म्हणून. ज्ञानोबाची अवस्था म्हणजे वैरण पुढ्यात आणि तोंडाला मुसकी. चहा पिताना मला म्हणाला, "गेन्या, पोटात फुगतंय रं."

पाचव्या दिवशी बाजार होता. दुकानापुढे झेंडूच्या ढिगांभोवती गर्दी, आणि आत सहा-सात माणसं नुसती फोन उलटेपालटे करून ठेवतायत. स्नेहलचा धीर सुटला. तिलाही वर जाब द्यायचा होताच. ती एकदम ओरडली, "अहो, ह्याची पाठ गुळगुळीत आहे! ओल्या हातातून सटकतो! माझा स्वतःचा दोनदा पडलाय!"

मग एक म्हातारा म्हणाला, "हां. मंग पाठीला काय तरी घालायचं. दे एक."

एसटी स्टँडच्या बाजूला पिवळ्या छत्रीखाली सोमनाथ उभा होता. त्यानं बघितलं, जांभळी खोड सांगतेय आणि गर्दी तिकडं सरकतेय. पोरगं मागं राहतंय होय! तिथूनच ओरडलं, "आमचा लवकर तापतो! उन्हात ठेवला तर भाकरी भाजून निघंल!"

"आमच्यात माणूस गोरा दिसतो!" स्नेहल.

"आमचा मालकाला ओळखत नाही! लावणीनंतर चार दिवस!" सोमनाथ.

"आमचा गोठ्यात नेला की मुका होतो!"

"आमचा झोपेत आपोआप फोन लावतो! माझा एकदा मामाच्या मुलीला लागला!"

बाजार सगळा पोट धरून हसायला लागला. समोरच्या शोरूमचा वाकून नमस्कार करणारा माणूसही ताठ होऊन बाहेर आला. ज्ञानोबा स्टुलावर उभा राहिला. अट पाळायची म्हणून बोलत काही नव्हता, पण पोरांनी खोड बरोबर सांगितली की मान डोलवायचा, आणि चुकली की हात हलवायचा, बैलबाजारातल्यासारखा. त्यानं मान डोलवली की फोन विकला गेलाच म्हणून समजा. गोरखही बाजाराला आलेला. दोन घेऊन गेला. एक बायकोला, म्हणाला, "तिला गोरं दिसायची हौस हाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साहेब आले तेव्हा दारातच थबकले. त्यांचीच स्नेहल एका आजीला समजावत होती, "आजी, ह्याची खोड नीट ऐका…" साहेबांचं तोंड जांभळं झालं. "स्नेहल! हे काय चाललंय?"

स्नेहलनं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं जांभळ्या फोनांच्या रिकाम्या खोक्यांची थप्पी पत्र्याला लागलेली. साहेबांनी ती दोनदा मोजली. समोर काचेचं शोरूम भरलेलं, माणसांनी नव्हे, फोनांनी.

साहेब खुर्चीवर बसले. "बरं. खोडीची अट राहू दे. पाटी आमची, फोन आमचेच."

आता बोलायची मुभा मिळाली! ज्ञानोबानं आठ दिवसांचा श्वास एकदम सोडला. "सायेब, एका बैलावर नांगर चालत न्हाई. जोडी लागती. आन् दोन्ही बैल एकमेकाला दाबत्यात, म्हनूनच तास सरळ जातं. ह्यो सोमनाथ बाहेर उभा ऱ्हायला नसता, तर तुमच्या पोरीनं एका खोडीपुढं दुसरी सांगितली असती का?"

साहेब म्हणाले, "मग पाटी?"

"अर्धी तुमची, अर्धी त्याची. बैलाची शिंगं न्हाई का रंगवत, एक ह्या रंगाचं, एक त्या रंगाचं?"

सोमनाथनं तिथल्या तिथं आपल्या साहेबांना फोन लावला. तिकडून होकार आला, कारण जांभळे निम्मी पाटी घेतायत म्हटल्यावर पिवळे मागे कसे राहतील? जांभळे साहेब जरा कुरकुरले. ज्ञानोबानं खांद्यावरचा रुमाल काढला, साहेबांचा हात धरला आणि वर रुमाल टाकला. आत काय बोटं दाबली देव जाणे. साहेबांनाही गुदगुल्या झाल्या असाव्यात. हसले आणि म्हणाले, "बरं, बरं, ठरलं!"

सुलक्षणा आतल्या बाजूला वळली आणि उगाचच एक फोन पुसत राहिली. पुसून झाला तरी पुसत होती.

साहेब कागदावर सही करायला वाकले आणि पेन तसंच धरून थांबले. त्यांना गंमत सुचली होती. म्हणाले, "आजोबा, व्यवहार पक्का व्हायच्या आधी खोड सांगायची असते ना? मग आता तुमची सांगा. तुमच्यात काय खोड आहे?"

दुकान कान देऊन उभं. स्नेहल, सोमनाथ, सुलक्षणा, मी. ज्ञानोबानं रुमाल झटकला, नीट घडी करून खांद्यावर टाकला आणि म्हणाला,

"हाय की, सायेब, एकच हाय. माझ्याकडं मोबाईल न्हाई. दलालाच्या दावणीला बैल बांधलेला कुनी बघितलाय का?"