फिलोमेनाच्या दारावरचा गुच्छ

माथेसचं सगळं आयुष्य हाल्फेनब्रुखांच्या द्राक्षमळ्यात गेलं. हे घराणं म्हणजे जर्मनीतल्या मोझेल नदीकाठचं बडं प्रस्थ. सात पिढ्यांची वाइनरी, आणि त्यांची पांढरी रिस्लिंग वाइन थेट राजदूतांच्या पंगतीला जाते. पण त्या उभ्या चढावर वेली छाटणारा हा गडी मात्र मुलखाचा लाजरा! वेलींशी दिवसभर गप्पा, अन् माणूस समोर आलं की दातखीळ. त्यातून ते माणूस बाटल्यांना लेबलं चिकटवणारी विधवा फिलोमेना असलं, तर विचारूच नका.

यंदा मात्र त्याने मनाचा हिय्या केला. रविवारी सकाळी ॲस्टरच्या फुलांचा गुच्छ घेऊन तिच्या दाराशी गेला. लग्नाचंच विचारायचं होतं. पण कडी वाजवायच्या आधीच धीर खचला. गुच्छ चौकटीवरच्या खिळ्याला बांधून स्वारी पसार!

अहो, खिळ्याला? दर शरदात मालकांच्या दारावर गुच्छ टांगायचं काम त्याचंच. सवयीने हात तिथे गेले. आणि आमच्या गावात दारावर गुच्छ म्हणजे घरची वाइन विक्रीला काढली, या बसा!

चर्च सुटलं आणि अर्धं गाव फिलोमेनाच्या अंगणात.

"काय गं, गुत्ता काढलास आणि बोलली नाहीस?" लोहार ओरडला. "वाइनसोबत खायला कांद्याचा केक तरी केलायस ना?"

"कुणा मेल्याचे हे उद्योग?" फिलोमेना कडाडली. "माझ्या घरात वाइनचा थेंब नाही!"

लोक खो खो हसायला लागले. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. कुंपणाआड दडलेल्या माथेसला ते बघवेना. तो पुढे आला.

"मी टांगला."

"तू? का रे बाबा?"

"तो विक्रीचा नव्हता. तुला द्यायचा होता. म्हणजे... स्वतःलाच. पदरात घेशील का, एवढंच विचारायचं होतं."

मग गर्दीतून म्हातारे हाल्फेनब्रुख मालकच म्हणाले, "आमच्या तळघरातून रिस्लिंगची पेटी आणा रे! चांगली आणा, राजदूतांची."

फिलोमेना स्टुलावर चढली आणि तिने गुच्छ खाली काढला. माथेसचं तोंड एवढंसं झालं. गुच्छ उतरला म्हणजे दुकान बंद, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

गुच्छ पोटाशी धरून, माथेसची बाही ओढत ती गावाला म्हणाली, "वाइन प्या आणि आपापल्या घरी जा. हा राहील."