पुठ्ठ्याआडची ताई

बाइंडरकाकांच्या घरी पाहुणा एकदा येतो, दुसऱ्यांदा येत नाही. दोष काकूंच्या चहाचा नाही, भिंतींचा. बैठकीच्या चारही भिंतींवर जुन्या रहस्यकथा मासिकांची मुखपृष्ठं चौकटीत लावलेली. पिवळंजर्द आभाळ, हिरव्या सावल्या, अर्धवट उघडी दारं आणि दारात काळ्या कोटातला कुणीतरी. कुठल्याही खुर्चीत बसा, मागून कुणीतरी बघतंय असं वाटतंच. पाहुणे अर्धा कप टाकून उठतात. काकू म्हणतात, "बरं झालं, दुसरा कप वाचला."

त्यातल्या सात चित्रांवर एकच मुलगी आहे. लांब केसांची, मागे वळून बघत पळणारी, भेदरलेली. काका रंगांबद्दल भरभरून बोलतात. हा चित्रकार चेहऱ्याच्या सावलीत काळा रंग कधी घालत नसे, जांभळा घाली, म्हणून चेहरा असा जिवंत वाटतो, वगैरे. मुलगी कोण, ते मात्र सांगत नाहीत. ती त्यांची सख्खी ताई.

ताई एकोणीस वर्षांची आणि काका अकराचे, तेव्हाची गोष्ट. ताई त्या चित्रकारासमोर बसायला जायची, खुर्चीत तासन्‌तास. समोर माणूस बसल्याशिवाय तो ब्रशच उचलत नाही, असं कौतुकानं सांगायची. वडिलांना कळलं आणि घरात महाभारत झालं. ताई नेसत्या कपड्यांनिशी निघून गेली. चार महिन्यांनी नदीत एक प्रेत सापडलं. वडील एकटेच बघायला गेले, परत आले आणि म्हणाले, "तीच होती. विषय संपला." मग घरातला ताईचा एकूण एक फोटो चुलीत घातला. अहो, पोटची पोर ती! पण त्या माणसापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

म्हणून काका मुखपृष्ठं जमवायला लागले. ताईचा चेहरा दुसरीकडे कुठे उरलाच नव्हता.

पण एक खरा काटा मनात होता. मासिकाचा शेवटचा अंक निघाला तो ते प्रेत सापडल्यानंतर वर्षभरानं. त्याच्याही मुखपृष्ठावर तीच पोरगी होती, असं एक म्हातारा रद्दीवाला छातीठोकपणे सांगायचा. ते खरं असेल, तर नदीतली ताई नव्हती. ती जिवंत होती, खुर्चीत बसली होती. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मरायचं नाही, असं काकांनी ठरवूनच टाकलं होतं. चाळीस वर्षं तो अंक शोधला. तीनदा सापडला, तिन्ही वेळा मुखपृष्ठ फाटलेलं.

फाडणारे कोण? हेच की! बाइंडिंगच्या कारखान्यात रीतच ती होती. वाचनालयाकडून जुन्या अंकांचे वर्षावर्षाचे गठ्ठे आले की मुखपृष्ठं ओरबाडायची, पिना काढायच्या, बारा अंक एकत्र शिवायचे. तरुणपणी काकांनी असली हजारो मुखपृष्ठं फाडली होती, आणि तीही उपडी ठेवून, कारण मागच्या बाजूला खळ लावायची असायची. कुणाच्या चेहऱ्यावर हात फिरतोय ते बघायला वेळ कुणाला!

परवा जेवताना ते काकूंना हेच सांगत होते. काकू म्हणाल्या, "पण खळ कशाला लावायची फेकायच्या कागदाला?"

"फेकायचा कशाला? पुठ्ठे पातळ यायचे. त्याच खंडाच्या दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये दडपायचा, म्हणजे..." आणि काकांचा घास हातातच राहिला.

"झालं," काकू म्हणाल्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा."

ते वाचनालय आता बंदच पडलेलं. कारकुनानं ते खंड असेच देऊन टाकले, वर "धूळ तेवढी झटकून न्या" म्हणाला. शेवटच्या वर्षाच्या खंडाची शिवण काकांनी ओळखली, त्यांच्याच हातची होती. दुपारी स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि पुठ्ठा वाफेवर धरला. खळ अजून पक्की होती. काका नखानं कोपरा सोडवायचे, थांबायचे, पुन्हा वाफ द्यायचे. आतून कुबट वास यायला लागला. आधी पिवळं आभाळ निघालं. मग एक कपाळ, जांभळ्या सावलीतलं.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "ही तर तुमच्यासारखी दिसते."

ताईच होती. पण केस कापलेले, गाल बसलेले, वयानं मोठी झालेली. आणि या चित्रात ती पळत नव्हती. एका घराकडे निघाली होती. घर काकांचंच होतं, लहानपणीचं, जिन्याचा तुटका कठडासुद्धा तसाच. दारात नेहमीचा काळा कोटवाला नव्हता. दोन्ही हात पसरून दार अडवणारा माणूस होता, कोपरावर ठिगळ लावलेल्या चौकडीच्या शर्टात. तो शर्ट चित्रकाराला कुठून ठाऊक असणार? तिनंच सांगितला असणार.

"बाबा," काका म्हणाले. "ती आली होती. त्यांनी तिला दारातून हाकलली आणि आम्हाला मेली म्हणून सांगत राहिले." रागानं त्यांचा आवाज चिरकला. "हरामखोर माणूस!"

उरलेला कागद काकूंनी सोडवला. वरच्या खिडकीत एक मुलगा निघाला. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि तो हात त्यानं उंच केला होता.

काकांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बारा वर्षांचे असताना ते झाडावरून पडले होते. दीड महिना खिडकीशी बसून काढला होता. एका दुपारी खाली बाबांचा आरडाओरडा ऐकू आला आणि एक आखूड केसांची बाई रस्त्यावर जाऊन उभी राहिली. वर बघत राहिली, बराच वेळ. कोण आहे म्हणून विचारलं, तर बाबा म्हणाले, पत्ता चुकलीय.

"मी ओळखलं नाही गं तिला," काका काकूंना म्हणाले. "कोणी परकी बाई आहे असं वाटलं. ती हलेचना, नुसती बघत होती. म्हणून मी तिला टाटा केला."